एकसष्टाव्या पानानंतर

दप्तरखान्यात तिला सगळे डिंकमावशी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेही ते कोणी वाचत नसे. कुरतडलेली, भिजलेली, घड्यांवर फाटलेली जुनी कागदपत्रं सांधायची, ओळीने लावायची, शिवायची आणि पुठ्ठ्यात बांधायची, हे तिचं बत्तीस वर्षांचं काम. बोटांना खळीचा वास, नखांत डिंक आणि बोलण्यात तोरा. "मी बांधलेल्या खंडातलं पान इकडचं तिकडे झालं तर नाव बदलीन," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. समोरचा मनात म्हणायचा, तुझं नाव माहीत आहे कोणाला? पण तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती, कारण जसा तोरा तसाच हात होता.

घरी मात्र हा तोरा चपलांबरोबर बाहेर ठेवावा लागे, कारण घरी आत्या होती. वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ शाबूत. भाचीचे आईवडील गेल्यापासून दोघीच. आत्याच्या आजोबांची, म्हणजे मावशीच्या पणजोबांची, एकच खूण घरात होती: बंदरावरून आलेलं पोस्टकार्ड. शंभरावर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाच्या पलटणीत भरती होऊन ते समुद्रापार लढाईला निघाले, तेव्हा आत्याचे वडील कडेवर होते. कार्डावर तीनच ओळी. मी खुशाल आहे. उद्या जहाजात चढणार. पोराला सांभाळ. खाली पलटणीतला नंबर, १७४२. त्यानंतर ना पत्र आलं, ना माणूस.

सत्तावीस वर्षांपूर्वी जुन्या बराकीपुढच्या चौकात, परत न आलेल्या शिपायांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. नावं पारखायचं काम एका निवृत्त मास्तरांकडे होतं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. आत्याने आजोबांचं नाव दिलं. गुरुजींनी दप्तरखान्यात पलटणीच्या पत्रव्यवहाराचा खंड काढला आणि एकसष्टावं पान उघडलं. कोणा अधिकाऱ्याने वरच्या साहेबाला लिहिलं होतं. पानाची शेवटची ओळ होती, "आपण विचारणा केलेला शिपाई नंबर १७४२ हा". बासष्टावं पान सुरू होत होतं, "जहाज धक्क्याला लागताच पसार झाला. शोध घेतला, मिळाला नाही."

गुरुजी भला माणूस. त्यांनी मावशीलाच विचारलं, "पानं मागेपुढे झाली नसतील ना? खंड तुम्हीच बांधलाय."

"माझ्या बांधणीत? शक्यच नाही," मावशी म्हणाली. ती तेव्हा तिशीची होती आणि तो खंड तिने स्वतंत्रपणे बांधलेला पहिलाच. सख्ख्या पणजोबांपेक्षा स्वतःच्या शिलाईवर तिचा भरवसा जास्त होता. नाव गाळलं गेलं. दगडाचं उद्घाटन झालं त्या दिवशी शेजारणीने विचारलं, "काय हो, तुमचे पळाले म्हणे?" आत्याने तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून आत्याने त्या चौकात पाऊल टाकलं नाही. दवाखान्यात जायचं तरी लांबच्या गल्लीने, दुखऱ्या गुडघ्यांनी.

आता तो दगड झिजला होता, नवा कोरायचा होता. यादी पुन्हा उघडली आणि महिनाअखेरीस बंद होणार होती. आत्याने यादीचा विषय काढला नाही. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी मरायच्या आत ते खरंच पळाले का, एवढं कोणी सांगेल का? पळाले असले तरी चालेल. पण नक्की सांगा." मावशीला ते फार लागलं. नक्की सांगितलेलं होतं ना, आणि तेही तिनेच!

त्याच आठवड्यात बंदराच्या कचेरीतून प्रवासी नोंदवह्या डागडुजीला आल्या. कोण कुठल्या जहाजात चढलं, कोण कुठे उतरलं, सगळं आकड्यांनी. मावशीला इंग्रजी बेताचं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. पणजोबांचं जहाज सापडायला तिला दीड दिवस लागला. चढणाऱ्यांच्या यादीत १७४२ होता. उतरणाऱ्यांच्या यादीत नव्हता. आणि यादीच्या डोक्यावर लिहिलेलं होतं की ही मोजदाद शिडी लावण्यापूर्वी, डेकवरच केलेली आहे.

मावशीच्या हातातला ब्रश खळीतच राहिला. धक्क्यावरून पळायचं तर माणूस आधी धक्क्यापर्यंत पोचायला हवा! शिडी लागायच्या आधीच जो मोजणीत नाही, तो जहाज लागल्यावर पसार कसा होईल?

ती तडक उठली आणि तो खंड काढून खिडकीशी नेला. शिलाई बघितली. शिलाई झकास होती. मग तिने एकसष्टावं पान उजेडासमोर धरलं आणि कागदावर तीन बारके गडद ठिपके दिसले. ते तिचेच होते. या कागदांना पूर्वी कसर लागली होती. किडा पानं मोजत बसत नाही. तो गठ्ठ्यात वरून शिरतो आणि खालून निघतो, त्यामुळे लागोपाठच्या पानांवर भोकं एकाच जागी पडतात. ती भोकं तिने बांधणीआधी पातळ कागदाने एकेक करून बुजवली होती, आणि आपल्या ठिगळकामावर ती इतकी खूश होती की भोकं जुळतात का हे पाहिलंच नव्हतं. बासष्टाव्या पानावर त्या जागी एकही ठिगळ नव्हतं. तिथे भोक होतं ते भलत्याच कोपऱ्यात. ती एकेक पान उजेडात धरत गेली. पंच्याहत्तराव्या पानावर तेच तीन ठिपके, त्याच तिरक्या रेषेत.

तिच्या लख्ख लक्षात आलं. गठ्ठा फार पूर्वी कोणाच्या तरी हातून पडला असणार, आणि कोणा कारकुनाने हाताला येतील तशी पानं उचलून त्यावर पेन्सिलीने आकडे घातले असणार. ती त्या आकड्यांच्या मागून डोळे मिटून गेली होती. किड्याला जे कळत होतं ते तिला कळलं नव्हतं. ती खाली स्टुलावर बसली आणि स्वतःला चार शिव्या घातल्या, चांगल्या ऐकू येतील अशा.

पंच्याहत्तरावं पान तिने वाचलं नाही. अर्धवट इंग्रजीने पुन्हा घोळ नको होता, आणि दप्तरखान्याचा नियम होता की बांधलेल्या खंडाचा क्रम बदलायचा तर लेखी अर्ज, कारण आणि साक्षीदार लागतो. त्याशिवाय गुरुजी ते पान मानणार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. ती दप्तरप्रमुखांकडे गेली. साहेब तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण समजूतदार.

"कारण 'जीर्ण झाल्यामुळे' लिहा, मावशी. सगळे तेच लिहितात."

"जीर्ण कुठे झालाय? शंभर वर्षं हलणार नाही, अशी शिलाई आहे."

"मग काय लिहायचं?"

"बांधणाऱ्याची चूक."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हा कागद कायमचा राहतो. तुम्ही वर्षभरात निवृत्त होणार. इतर कचेऱ्या तुमच्या नावावर खंड पाठवतात. उद्या प्रत्येक जण म्हणेल, आमचाही तपासून द्या."

"म्हणू देत. तपासून देईन," मावशी म्हणाली. "जीर्ण म्हणून पानं हलवली, तर लोक म्हणतील बाईने पणजोबांसाठी दप्तर फिरवलं. चूक म्हणून हलवली तर निदान माणसाला त्याचं पान मिळेल. द्या इकडे."

तिने अर्ज लिहिला. बांधणाऱ्याचं नाव या रकान्यात आपलं पूर्ण नाव घातलं आणि खाली सही केली. साहेबांनी ते नाव दोनदा वाचलं, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी साक्षीला आले. वयाने वाकले होते, पण चष्मा पुसून तयार होते. मावशीने स्वतःचीच शिलाई स्वतः कापली. सोपं नव्हतं, टाका इतका पक्का की कात्री दोनदा घसरली. "बघा, काय बांधलंय!" असं तोंडातून निघून गेलं आणि लगेच तिने जीभ चावली. सगळी पानं भोकांवरून लावली. बासष्टावं जाऊन बसलं एका खेचरवाल्याच्या चौकशीच्या पानामागे. म्हणजे धक्क्यावरून पळालेला तो! त्याच्यामागे भलतंच पान लागल्यामुळे दप्तराने त्याला इतकी वर्षं मेलेला धरलं होतं. "पळाला तर पळाला बिचारा," गुरुजी म्हणाले, "घरी तरी पोचला असेल."

मग त्यांनी एकसष्टावं पान घेतलं, त्यामागे पंच्याहत्तरावं ठेवलं आणि सलग वाचून मराठीत सांगितलं. मावशीने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. वाचून झाल्यावर गुरुजींनी यादीचा कागद काढून सर्वांत खाली एक नाव लिहिलं. "सत्तावीस वर्षांपूर्वी मीही दोन पानांच्या पुढे पाहिलं नाही," ते म्हणाले. "आत्याबाईंना सांगा, चुकलं."

"माझं मी सांगते. तुमचं तुम्ही सांगा," मावशी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

संध्याकाळी आत्या खिडकीशी बसली होती. मावशी समोर जमिनीवर बसली. आधी चूक सांगितली, मग पान. उलटं केलं असतं तर सोपं गेलं असतं, पण आनंदाच्या आडून कबुली देणं तिला जमणारं नव्हतं.

"म्हणजे आमच्या आजोबांना पळवलंस ते तू," आत्या म्हणाली.

"हो."

"सत्तावीस वर्षं मी त्या लांबच्या गल्लीने गेले."

"हो, आत्या."

"कान इकडे कर."

सत्तावन्न वर्षांच्या, अख्ख्या दप्तरखान्याला दरडावणाऱ्या बाईने मुकाट्याने कान पुढे केला. आत्याने तो धरला आणि पिळला. आणि धरूनच ठेवला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कानापायी नव्हतं.

"आता वाच."

मावशीने कागद उघडला. "आपण विचारणा केलेला शिपाई नंबर १७४२ हा, बंदर दोन दिवसांवर असताना तापाने वारला. आजारी सोबत्यांना शेवटपर्यंत पाणी देत होता. देह समुद्रात सोडला. घरी बायको व लहान मुलगा आहे. घरी कळवावे."

आत्याचे ओठ हलत होते. ती कडेवरच्या त्या मुलाचा, म्हणजे आपल्या वडिलांचा, विचार करत असावी. म्हातारे होऊन गेले, तरी बापाबद्दल त्यांना कोणी काही कळवलं नव्हतं.

"कळवलं नाही कोणी," ती म्हणाली.

"नाही."

"मग आता कळव. नीट. मोठ्याने." आत्या ताठ बसली, कोणी पाहुणा निरोप घेऊन दारात उभा असावा तशी. "घरातलं माणूस ऐकतंय."

कान अजून आत्याच्या मुठीतच होता. मावशीने तो सोडवून घेतला नाही. तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.