सुधारलास, दादा

अक्षय तृतीयेच्या सकाळी वाण्याच्या काट्यावर माझे वजन बरोबर दोन मण भरले. वाणी आणि माझी बायको हजर होते. वर्षभरात मी दहा शेर उतरवले होते, कारण सूर्यमाळच्या शेतावर चढून जाणे गुडघ्यांना झेपेना.

पण जव्हारात ज्याला त्याला मी खराब झालेला दिसे. "काय हो, दुखणं काढलंत?" ऐकून ऐकून मीही आरशात आजारी माणूस शोधू लागलो. पुढे वाढलेल्या पोळीला नाही म्हणवेना.

दिवाळीत बहीण म्हणाली, "आता कसा सुधारलास, दादा."

सहा शेर सुधारलो होतो. ‘मी तेव्हाच बरा होतो’ एवढे तिला सांगायचाही धीर झाला नाही.

परवा सूर्यमाळला डोलीत बसून गेलो. चार भोयांना मिळून एक रुपया दिला.