प्लेट्स तू आण

"तू प्लेट्स आण गं. दमतेस तू, कशाला रांधतेस?"

पहिल्याच भेटीत मुग्धावहिनींनी माझं आडनाव विचारलं, तेव्हापासून हे वाक्य ऐकतेय. सिंगापुरात आमच्या मराठी ग्रुपचं महिन्यातून एकदा एकत्र जेवण असतं. प्रत्येक घरानं एक पदार्थ करून आणायचा. कुणी बासुंदी, कुणी अळूवडी. माझ्या वाट्याला कागदी प्लेट्स, ग्लास, बर्फ. नोकरी सगळ्याच करतात, दमतात सगळ्याच. पण दमणूक दिसायची फक्त माझीच. मी मुकाट्यानं आणत राहिले. कुठे वाद घाला, असं मनाशी म्हणायचे.

गेल्या महिन्यात जेवण सेरंगूनला, वहिनींच्या कॉन्डोत होतं. मेईला सोबत नेलं. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते. मूळची चीनची. वहिनींचे मिस्टर अभयदादा मोठे बँकर. मेईला बघून भलतेच खूश झाले. इंग्रजीत सुरू. तुमच्याकडे कसं, वरून हुकूम आला की काम फत्ते! ना मोर्चे, ना बोंबाबोंब.

मेईनं चमचा खाली ठेवला. "साथीच्या काळात आमच्या बिल्डिंगचं गेट बाहेरून बंद केलं होतं. आई आत आजारी. पुढे गेट उघडलं तेव्हा आम्ही चौकात कोरे कागद धरून उभे राहिलो. काही लिहिलं असतं तर पकडलंच असतं. तरी वडिलांना पोलिसांचा फोन आला."

"कोऱ्या कागदानं काय होतं?" दादा हसले.

"आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं."

दादा माझ्याकडे वळले, मराठीत. "हिला काय कळणार? आपल्याकडे सरसकट सगळ्यांना मताचा अधिकार दिला, तिथंच देशाचं वाटोळं झालं. राग मानू नकोस हं, पण तुमच्या लोकांना राज्यकारभारातलं काय कळतं?"

सगळे खाली बघून जेवत होते. मी आणलेल्या प्लेट्समध्ये.

मला आजी आठवली. गावात पाटलांच्या विहिरीवर तिला पाय ठेवता येत नव्हता. पण मतदानाच्या दिवशी उजाडताच जाऊन रांगेत उभी राहायची, पाटलीणबाईंच्या पुढे नंबर लागावा म्हणून. "आज तिला थांबू दे माझ्यामागं," म्हणायची आणि गालातल्या गालात हसायची.

एकानंच ठरवावं म्हणणाऱ्यांना तो एक आपल्याच पंगतीतला असणार, याची खात्री असते. आणि मलाही इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मी उभी राहिले. "दादा, आमच्या लोकांना कळतं. म्हणूनच तुम्हाला आमचं मत खुपतं." मग वहिनींकडे वळले. "आणि वहिनी, माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही. सरळ सांगा ना. दमण्याचं निमित्त कशाला?"

"अगं, आम्ही कुठे असलं काही मानतो! किती मनाला लावून घेतेस!" वहिनींचा चेहरा उतरला होता.

"मानत नसाल, तर पुढच्या वेळी खा."

मेईला घेऊन मी निघाले.

परवा ग्रुपवर पुढच्या जेवणाची बोलणी सुरू झाली. वहिनींनी काही सुचवायच्या आत मी लिहिलं, "मी हुलग्याचे शेंगोळे आणतेय. प्लेट्स दुसऱ्या कुणीतरी आणा."

सगळ्यांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही.

नसू दे. मी परवानगी मागितलेलीच नाही. शनिवारी माझं पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवणार, बासुंदीला लागून. कुणी उचलून बाजूला ठेवलं, तर सगळ्यांदेखत विचारणार, का? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.