रविवारचा मेल

संप संपला असं कोणी कधी सांगितलं नाही. गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही, एवढंच. बाबांच्या साचाखात्यातली, म्हणजे मागावर कापड विणणारी, माणसं पांगली. कोणी गावी कोकणात, कोणी विरारला, कोणी बदलापूरला. खात्याची एक रीत मात्र त्यांनी सोडली नाही. साच्यावरचा माणूस गेला की त्याला खांदा साचेवाल्यांचाच. "घरच्यांनी रडायचं, उचलायचं आम्ही," बाबा म्हणायचे.

पुढे मुलं ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला लागली, तेव्हा मी खात्याच्या घरांसाठी मेलिंग लिस्ट काढली. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. मुलगा वाचायचा, बापाला कळवायचा, बाप निघायचा. बातम्या बहुतेक मरणाच्याच असत. थोड्याच वर्षांत मुलांना त्याचा कंटाळा आला. "सकाळी मेल उघडला की मयत," असं एकाने दुबईहून लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याची री ओढली. माझं डोकंच फिरलं. बापाचं मरणही यांना सोयीने हवं! पण सगळे एकीकडे आणि मी एकटा. शेवटी स्क्रिप्ट लिहिली. आलेल्या मेलमध्ये 'निधन' दिसलं की ती तो अडवून ठेवायची आणि रविवारी सकाळी सगळ्यांचा मिळून एकच मेल धाडायची. त्यात नाव, खातं, गाव एवढंच. बाकी मजकूर ती कापायची, कधी काढणार तेही. रविवारपर्यंत शिळी झालेली वेळ कोणाला हवी?

"आता नुसतं तेराव्याला जेवायला जायचं," बाबा म्हणाले आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर खात्यातलं पहिलं मरण त्यांचंच. ते सोमवारी पहाटे गेले. मी लिस्टवर लिहिलं, बाबांचं निधन झालं, चार वाजता काढू. डोकं ठिकाणावर नव्हतं, स्क्रिप्ट आठवलीच नाही. चार वाजून गेले. "येतील रे, लांबून यायचं असतं," आई म्हणत राहिली. अंधारायला लागलं तेव्हा माझ्या ऑफिसातल्या मुलांनी बाबांना उचललं. त्यांतल्या एकानेही साचा पाहिला नव्हता. चिंचपोकळीच्या चाळीचा तो अरुंद जिना उतरताना मी खात्यातल्या एकेकाला मनात शिव्या घातल्या.

रविवारी दुपारी बाबांचा जोडीदार दारात उभा राहिला. जन्मभर बाबांच्या शेजारच्या साच्यावर काम केलेला माणूस. विरारहून आला होता, धाप लागली होती, हातात झेंडूचा हार होता. चपला बाहेर काढून तो आत आला आणि रिकाम्या खाटेकडे बघू लागला.

"झिलान मेल वाचून दाखवल्यान, तसोच निघालंय," तो मला म्हणाला. "खांदो देऊक इलंय. कधी काढतत?"

आईने पदर तोंडाला लावला. सोमवारीच नेलं, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. खात्यातले आणखी दोघे म्हातारे हार घेऊन वर येत होते.