सावडीचं धरणं

कुणीही मेलेलं नसताना मी एकदा मयताचा बंदोबस्त लावला होता. कारण एवढंच, की एका शब्दाचा अर्थ मला कळला नाही. ते प्रकरण अजून मनातून जात नाही. आधी हसू येतं, मग येत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. नावं सांगत नाही. एका वस्तीवरच्या मजूर बाया तहसीलसमोर धरणं धरून होत्या. मागणी एकच, बंद पडलेलं रोजगार हमीचं काम सुरू करा. मंडप नाही, भोंगा नाही, पुढारी नाही. चारपाच बाया लिंबाखाली गप बसायच्या, पण रोज वेगळ्या. वरून फोन आला, "भाड्यानं आणलेली माणसं आहेत. सूत्रधार शोधा."

स्टँडवरचा पानटपरीवाला माझा खबरी होता. त्यानं फोनवर कुजबुजत सांगितलं, "साहेब, समदं सावडीवर चालू हाय. उद्या दुसऱ्या बाया येणार, सावड फेडायला."

माझं बालपण पुण्याच्या पोलीस लाईनीत गेलेलं. शेतीशी संबंध मेथीच्या जुडीपुरता. सावडणं म्हणजे तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन राख गोळा करणं, एवढंच मला ठाऊक. डोकं भराभर चाललं. धरण्यावर बाई दगावली, गुपचूप अंत्यविधी उरकला, आणि उद्या अस्थी घेऊन जमाव तहसीलवर येणार! स्टेशन डायरीला नोंद घेतली, शेजारच्या ठाण्यांतून जादा माणसं मागवली, महिला पोलीस पुढे उभ्या केल्या.

सकाळी बाया आल्या. हातात अस्थींचं गाडगं नव्हतं, भाकरीची फडकी होती. त्यांच्यातल्या वयस्कर बाईला सगळ्या मावशी म्हणत. तिला मी चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"मावशी, खरं सांगा. कोण वारलं?"

ती दचकली. "कोणाच्या घरचं? फोन आलाय का तुमाला?"

"आज सावडायचंय ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. ठाणे अंमलदार इकडचाच, पालमचा होता. तो मान खाली घालून डायरीत काहीतरी लिहिण्याचं नाटक करू लागला.

"अवो साहेब, सावड! आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या रानात राबते. मजुराला कुठलं आलंय रान? आमी धरण्याची सावड केली. आज ह्या बसल्या की ह्यांच्या वाटचा कापूस बाकीच्या येचतेत. उद्या त्या बसतेत, ह्या येचतेत. रोज बुडवून बसलो तर सांच्याला चूल पेटत न्हाई."

"मग तुमचा पुढारी कोण?"

"पुढारी ठिवला तर त्याची बी सावड फेडावी लागंल की!"

हसणं ओसरल्यावर तिनं आवाज खाली आणला. "माझी नात यंदा धाव्वीला हाय. गावातच काम मिळालं तर पोरगी पेपराला बसंल. न्हाई तर आईबापासंगं ऊसतोडीला जायाची. लय हुशार हाय साहेब."

तपास संपला. मी वर खरं तेच कळवलं. उत्तर आलं, "मोठा दौरा आहे. त्याआधी जागा मोकळी करा."

लाठी चालवायची नाही, असं मी ठरवलं. माझी हुशारी इथे जागी झाली. सगळ्या वस्तीच्या बायांना नोटिशी काढल्या आणि जबाबासाठी एकदमच ठाण्यात बोलावलं. जबाब लिहिणारा हवालदार कोर्टाच्या कामाला परभणीला गेलेला. बाया व्हरांड्यात थांबल्या. मी सतरंजी घातली, चहा दिला. संध्याकाळी म्हटलं, उद्या या. उद्याही तेच. मावशी मधूनच दारातून डोकावायची, "साहेब, लवकर उरका की. रानात कुणीच न्हाई."

ते खरं होतं. बसणाऱ्याही माझ्याकडे आणि वेचणाऱ्याही माझ्याकडे. शेतवाल्यांनी दुसरी टोळी लावली, बायांचा रोज बुडाला. लिंबाखाली पुन्हा कुणी दिसलं नाही. आंदोलन शांततेत मिटवल्याबद्दल मला शाबासकीचं पत्र मिळालं, आणि मी ते बायकोलाही वाचून दाखवलं. पुढे मुकादमाचा ट्रॅक्टर आला आणि वस्ती ऊसतोडीला निघून गेली.

उन्हाळ्यात निवडणूक लागली. टोळ्या अजून परतल्या नव्हत्या. त्या वस्तीचं मतदान केंद्र बघायला गेलो, तर शाळेत शुकशुकाट. केंद्राध्यक्ष जांभई देत म्हणाले, "इथल्या लोकांना राजकारणात रसच नाही."

मला आधी लिंबाखालच्या बाया आठवल्या, मग माझा व्हरांडा. नोकरीभर मी मोर्चा मोजला तो डोक्यांवर. एक बाई चौकात येऊन बसावी म्हणून मागे किती जणी वाकून राबतात, हे मोजायची पद्धत आमच्या खात्यात नाही. गरिबाला गप्प करायला बळ लागत नाही. त्याला नुसतं थांबवून ठेवलं तरी पुरतं.

शाळेच्या ओट्यावर मावशी बसली होती. गुडघा गेलेला, म्हणून टोळीनं तिला नेलं नव्हतं. बोटाला शाई होती.

"मावशी, नात काय म्हणते?"

"ऊस तोडायलीय सोलापूरकडं. पेपराला आली न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "त्या वेळी कुणावर काठी मात्र उगारू दिली नाही बरं का मी."

"काठीच मारायची होती साहेब. वळ उठला तरी कापूस येचता येतो."