विलोची शेवटची हिरवी फांदी

बोलताना ते चष्मा पुसतात. दुसऱ्याच्या घरातलं घड्याळ मागे असलं, तर नजर चुकवून काटा पुढे सारतात. खाली पडलेला स्क्रू सापडेपर्यंत कुणाला पाऊल उचलू देत नाहीत.

असे आमचे खालच्या मजल्यावरचे घड्याळजी काका. आमची मैत्री माझ्या बंद पडलेल्या गजराच्या घड्याळापासूनची.

काकू हृदयाच्या ऑपरेशनला गेल्या. नंतर लेकीकडे विश्रांती, म्हणजे तीन महिने. जाताना दारातलं विलो नावाचं विदेशी झुडूप त्यांनी काकांवर सोपवलं. हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे, शेंडे गुलाबी. पंधरा वर्षं जिवापाड जपलेलं. "मी येईपर्यंत जगवा," एवढंच म्हणाल्या.

काका डोळ्याला भिंग लावून रोज एक फांदी कापायचे. महिन्याभराने मी नीट पाहिलं आणि थक्क झालो. झुडूप गर्द हिरवं होतं.

"काका, पांढरी पानं कुठे गेली?"

"आजारी होती ती. काढून टाकली. बघ, कसं ठणठणीत झालंय!"

"अहो, काकू तर हिरव्या फांद्या कापायच्या! मी वरून बघायचो ना. त्या वाढल्या की रंगीत फांद्या मागे पडतात."

काका पायरीवरच बसले. "आता तिला काय तोंड दाखवू? आणि डॉक्टर म्हणालेत, तिला धक्का बसता कामा नये."

आम्ही रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाई हसल्या. "वीतभर ठेवा, बाकी सगळं छाटा. रंग नव्या फुटीलाच येतो. चिवट असतो विलो. फक्त माती सुकू देऊ नका."

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना काकांच्या हातांनी कशावरही जोर लावला नव्हता. पण त्यांनी छाटलं. उरले नुसते खुंट. काका दिवसातून चारदा मातीत बोट खुपसून ओल बघायचे.

अठराव्या दिवशी सकाळी खालून हाक आली. "अरे, गुलाबी!"

तांदळाच्या दाण्याएवढे कोंब होते. काका चष्मा पुसत राहिले.

महिन्याभरात खुंट पांढऱ्या-गुलाबी पानांनी भरले. एकच फांदी हिरवी निघाली. काका ती कापायला बसले, तोच गाडी थांबली. काकू स्वतःच्या पायांनी उतरल्या.

"एवढंसं कसं झालं हे? न्हाव्याकडे नेलं होतं की काय?"

"तुझ्यासारखंच. जरा कापाकापी झाली, आता बरं आहे."

काकू हसल्या. त्यांचा हात धरून काका आत गेले.

हिरवी फांदी अर्धी कापलेली, तशीच लोंबते आहे. कात्री तिच्या बुडाशी पडली आहे.