कळसाडीच्या शोभाबाई

कपाशीचा दुसरा वेचा चालू होता. शोभाबाई आणि त्यांची सून रुपा दोघीच शेतात होत्या. ऊन कलायला लागलं तशी रुपा म्हशीसाठी चारा कापायला उसाच्या बांधाकडे गेली. दोघींमध्ये हाक पोचेल एवढंच अंतर होतं. थोड्या वेळाने शोभाबाईंनी "चाल वो, घर जाऊत," म्हणून हाक दिली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या हाकेलाही आलं नाही. त्या बांधाकडे गेल्या तर रुपा वाकून बसली होती तिथं विळा पडलेला, आणि उसाच्या सरीत बिबट्या तिला मानेला धरून ओढत होता.

शोभाबाई ओरडत तशाच त्याच्या अंगावर धावून गेल्या. हातात काही नव्हतं. बिबट्या रुपाला सोडून उसात शिरला. त्यांनी रुपाचं डोकं मांडीवर घेतलं, लुगड्याचा पदर तिच्या मानेला दाबून धरला. पण ती आधीच गेली होती. आरडाओरडा ऐकून माणसं जमली तेव्हा पदर सोडवायला दोन बायांना शोभाबाईंची बोटं एकेक करून उघडावी लागली.

रुपाच्या मागे नवरा धर्मेंद्र आणि पहिलीत जाणारी मयूरी राहिली. शोभाबाईंचे यजमान गिरधर पाटील मुळातच कमी बोलणारे, ते आणखीच गप्प झाले. वनखात्याने पिंजरा लावला. एक बिबट्या सापडला, गाडीत घालून नेला. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. महिना उलटला नाही तोच शेजारच्या गोठ्यातून शेळी गेली.

कामिनी पावरा ही त्या भागातली वनरक्षक. धडगावकडच्या डोंगरातली पोर, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. पंचनाम्याला आली तेव्हापासून ती अधूनमधून शोभाबाईंकडे येऊन बसायची. शोभाबाई पहिल्यांदा तिच्याशी धड बोलल्याही नाहीत. मग एकदा त्यांनीच विचारलं, "ती बसेल व्हती म्हनीसन का?"

कामिनी म्हणाली, "हो काकू. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला जनावरागत दिसतं."

शोभाबाईंनी मान हलवली आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

ऊस तोडणीला आला. सुकराम मुकादमाची टोळी गिरधर पाटलांच्या शेतात उतरली. सकाळी कोयते चालू झाले आणि मधल्या सरीत सुकरामने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पाचटात बिबट्याची दोन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले, मांजराच्या पिल्लाएवढी, एकमेकांना बिलगून पडलेली.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. काठ्या घेऊन माणसं आली. धर्मेंद्र डिझेलचा कॅन घेऊन आला. उरलेल्या उसाला चारी बाजूंनी आग लावायची, पिल्लंही जातील आणि आत दडलेली मादीही, असं ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, पहिली काडी याच घराची पाहिजे, त्यांचाच हक्क आहे.

शोभाबाई मयूरीला शाळेत सोडून परत येत होत्या. गर्दी बघून त्या सरीत शिरल्या, पिल्लं बघितली आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"माय, बाजूले व्हय," धर्मेंद्र म्हणाला.

"नही व्हनार."

"ह्या तिना पिले शेतस माय! जिन्ही मन्ही रुपा खादी तिना!"

"तिनाच शेतस का दुसरीना, तुले माहीत नही अन् माले बी नही," शोभाबाई म्हणाल्या. "पन सांजले यास्नी माय येई. ऊस जळेल दिखी, पिले मरेल दिखी. मंग ती कोठे जाई? बठ्ठा शिवारमा फिरी. आपली मयूरी त्याच वाटनी शाळामा जास. कोन्हाबी घरनी पोर जाई."

"तुले रुपानी काहीच किंमत नही का?"

शोभाबाईंचा आवाज चढला नाही.

"तिले मांडीवर मी लिधं व्हतं, धर्मेंद्र. मन्हा हातमा ती थंडी पडनी. माले किंमत नको सांगू."

धर्मेंद्रने कॅन तिथंच आपटला आणि तो निघून गेला. त्याच्यामागे एकेक जण पांगला. सुकरामने टोळीला दुसऱ्या टोकाला लावलं. शोभाबाई कामिनी येईपर्यंत उन्हात उभ्या होत्या. मागे पिल्लं बारीक आवाजात ओरडत होती. त्यांनी वळून बघितलं नाही.

कामिनीने आणि तिच्या माणसांनी भाजीच्या क्रेटमध्ये पिल्लं त्याच जागी ठेवली, जवळ कॅमेरा लावला आणि सगळ्यांना शेताबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर क्रेट रिकामा होता. कामिनीने मोबाइलवर फोटो दाखवला. मादी पिल्लाला तोंडात धरून निघाली होती, पिल्लाच्या मानेला तिचे दात हलकेच लागले होते.

शोभाबाई बराच वेळ त्या फोटोतल्या जबड्याकडे बघत राहिल्या.

"हाईच व्हती का?"

"नाही सांगता येत, काकू," कामिनी म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

शोभाबाईंनी मोबाइल परत दिला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. पिल्लं वाचली म्हणून त्यांना आनंद झाला नव्हता. तसं त्यांनी कधी कुणाला सांगितलंही नाही.

धर्मेंद्र शहाद्याला मित्राकडे राहायला गेला. अधूनमधून मयूरीला भेटायला यायचा, आईशी बोलायचा नाही. गावात काही जण शोभाबाईंना पाठीमागे 'वाघनी माय' म्हणायचे. त्यांच्या कानावर ते आलं होतं.

पण त्या घरात बसल्या नाहीत. घरोघर जाऊन बायांना सांगू लागल्या, चाऱ्याला एकटीने जायचं नाही, एक बसली तर दुसरीने उभं राहायचं, तोंडाने बोलत राहायचं. शाळेच्या वाटेला लागून असलेल्या पट्ट्यात यंदा ऊस लावू नका, म्हणून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या. तिसऱ्या दिवशी गिरधर पाटलांनी तिथं हरभरा पेरला. ते बघून वाटेपलीकडच्या शेतकऱ्यानेही ऊस वाटेपासून लांब लावला. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. शेळ्या अजूनही जातात, पिंजऱ्याची मागणी अजूनही होते. पण रुपानंतर कळसाडीत माणूस गेलेलं नाही.

धर्मेंद्र अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घरी आला तो राहिलाच. आईशी तो आता कामापुरतं बोलतो. त्या सकाळचा विषय दोघंही काढत नाहीत. पावसाआधी त्याने कुणी न सांगता गोठ्याला वरपासून खालपर्यंत जाळी ठोकली, मग शेजारच्या म्हातारीच्या गोठ्यालाही ठोकून दिली.

यंदाच्या वेच्याला शोभाबाई पुन्हा कपाशीत गेल्या. रुपा गेल्यानंतर पहिल्यांदाच. बरोबर गल्लीतल्या पाचसहा बाया होत्या. दुपारी एकीने नुसतं बोट दाखवलं. लांबच्या बांधावर बिबट्या उभा होता, ऊन अंगावर घेत. बाया जवळ आल्या, उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्याने बोलू लागल्या. शेजारणीने शोभाबाईंचा दंड घट्ट धरला. मग त्यांनी बांधाकडे बघत, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात हाक घातली, "जाय रे बाप्पा! आठे वावरमा मानसे शेतस!"

बिबट्याने मान वळवली आणि तो सावकाश पलीकडे उतरला.