सकाळच्या गाडीने

गेल्या मंगळवारी पुतण्याचा फोन आला. "आत्या, दुकानात एक परदेशी बाई आल्यात. चाकवाल्यांची कुंदा कुठे राहते, असं विचारतायत..." चाकवाल्यांची कुंदा म्हणजे मीच. पण या नावाने मला ओळखणारं माणूस पनवेलात आता उरलेलं नाही.

आमच्याकडे बैलगाडीची चाकं बनायची. पनवेलची चाकं तेव्हा लांबलांबच्या गावांना जात, आणि आता त्याच जागेवर पुतण्याचं टायरचं दुकान आहे. वडील असते तर काय म्हणाले असते, ते फेसबुकवर लिहिण्यासारखं नाही.

पलीकडच्या आळीत दीना राहायची. बेने इस्रायली, म्हणजे धर्माने ज्यू, पण बोलणं-चालणं सगळं आपलं कोकणातलं. शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटत नसे, आणि सिनेगॉगला ते मशीद म्हणत. मलिदा केला की तिची आई माझा वाटा झाकून ठेवायची... पोहे, गूळ, ओलं खोबरं.

तिचे बाबा नगरपालिकेत कारकून. रेल्वे येणार म्हटल्यावर हा माणूस खुळावलाच. स्टेशन पार गावाबाहेर, भातशेतांत. तिथवर रस्ता कोणी करायचा, दिवे कुठपर्यंत लावायचे, टांगे कुठे उभे करायचे... सभेत तासन्‌तास वाद चालत, आणि काका घरी येऊन एकेका सभासदाची नक्कल करून दाखवत. माझे वडील मात्र गुरगुरायचे. रेल्वे आली की आमची चाकं कोण घेणार?

साठच्या दशकात ती आली एकदाची. इंजिनाला हार घातले होते, सगळं गाव शेताच्या बांधांवर उभं होतं. दीनाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. एकदा दोघींनी मिळून बसायचं, दिवा स्टेशनापर्यंत का होईना, असं तिथेच ठरलं.

ते राहूनच गेलं.

अकरावीची परीक्षा झाली आणि मी उरणला मामाकडे गेले. तिथे दीनाचं पोस्टकार्ड आलं. इस्रायलला जायचं त्यांचं चाललंच होतं, पण इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. लिहिलं होतं, "रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. तू गाडीवर ये. तुला भेटल्याशिवाय मी जाणार नाही."

रविवारी उरणहून पहिली एसटी पकडली. मांडीवर मामीने दिलेला पोह्याच्या पापडांचा डबा होता. दीना ते न भाजता, न तळता, कच्चेच खायची. पनवेलच्या स्टँडवर उतरले आणि तिथेच थांबले... मुंबईची, ठाण्याची एसटी लागली की उठून एकेका खिडकीत डोकावायचे, आणि पुन्हा बाकावर येऊन बसायचे.

दुपार झाली तशी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटी, ते तर सकाळीच गेले. सगळ्यांना सलाम करून गेले." सगळ्यांना... मला सोडून. मी काही न विचारता तशीच मागे फिरले. रात्री आईने ते पापड तळले, मी एकालाही हात लावला नाही.

तिचं पत्र आलं नाही. पत्ता मिळवून मीही लिहिलं नाही. आधी राग होता, मग संसार, आणि मग इतकी वर्षं गेल्यावर काय लिहायचं, हा प्रश्न. पण स्टँडवरच्या त्या बाकाची जागा अजूनही मला डोळे मिटून दाखवता येईल.

दुकानात आलेली बाई म्हणजे दीनाची मुलगी, ओरित. मोडकं-तोडकं मराठी बोलते. चहा घेता घेता सहज म्हणाली, "आई सांगते, तू स्टेशनवर आली नाही. आई खूप रडली."

स्टेशनवर?

क्षणभर मला काही कळेना. आणि मग सगळंच कळलं. आमच्या घरात गाडी म्हणजे बैलगाडी, आणि प्रवासाला निघालं की गाडी म्हणजे एसटी. रेल्वेला आम्ही आपलं रेल्वेच म्हणायचो, नवी पाहुणी होती ना! पण दीनाच्या घरात, काकांच्या कृपेने, गाडी म्हणजे फक्त रेल्वे.

ओरितने लगेच व्हिडिओ कॉल लावून दिला. पांढऱ्या केसांची एक म्हातारी... पण डोळे तेच. मी धड नमस्कारही केला नाही, एकदम सांगून टाकलं, "दीने, मी एसटी स्टँडवर होते गं! दुपारपर्यंत!"

ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "मी डब्याच्या दारात उभी होते. गाडी सुटली तरी बाबा मला आत ओढत होते..." तेच पनवेलचं मराठी, जसंच्या तसं. इथे आता असं कुणी बोलत नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता ये की इकडे."

"कुठल्या गाडीने?" मी विचारलं.

दोघी हसत सुटलो, आणि हसता हसता दोघींनाही रडू आलं. तिची कंबर गेली, माझे गुडघे. भेट आता होणार नाही हे दोघींना ठाऊक आहे, आणि ते कुणी बोललं नाही.

ओरित, तू हे वाचणार नाहीस, पण तुझे उपकार मी विसरणार नाही.

गुरुवारी ती परत गेली. तिच्याबरोबर पोह्याचे पापड दिलेत, कच्चेच. डब्यावर कागद चिकटवून लिहिलं... "प्रिय दीनास, एसटी स्टँडवरून. कुंदा."